दिलीपच्या नावाचं पाणी

पडेगावच्या आमच्या घरापासून पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत आम्ही दोघं पाच दिवस पाठीवर सामान घेऊन चालत गेलो. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मोटारीने दोन तास लागतात. महिना मेचा होता. बॅगेच्या पट्ट्याला एक छोटा तापमापक अडकवलेला होता आणि पाचही दिवस भर दुपारी तो एक्केचाळीसच्या खाली आला नाही.

परतल्यावर प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला: मे महिन्यातच का? उत्तर साधं आहे. शनिवारी दुपारी बारापर्यंत दिलीपना एका पत्राचं उत्तर द्यायचं होतं.

दिलीप माझे पती. सव्वीस वर्षं ते वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. त्यांचा विभाग मार्चअखेर बंद झाला. त्याच मालकांचा दुसरा कारखाना गुजरातेत, साणंदला आहे. तिथे तीन वर्षांच्या करारावर या, असं पत्र आलं. राहायला खोली, महिन्यातून एकदा सलग दोन दिवस सुट्टी. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. माझी पाळी संध्याकाळी पाचला सुरू होते आणि मध्यरात्रीनंतर संपते. त्यांची बस पहाटे सहाला कोपऱ्यावर यायची. लग्नाला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत आम्ही एकमेकांना बहुतेक वेळा झोपलेलं पाहिलं आहे.

चौदा वर्षांपूर्वी मला नागपूर आवृत्तीत बढती मिळत होती. तेव्हा दिलीप म्हणाले होते, "तुझं काम आहे, तू ठरव." वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. मी तीन आठवडे त्या वाक्यावर चिडून होते आणि शेवटी गेले नाही. आता पत्र त्यांना आलं, तेव्हा मी म्हणाले, "तुमचं काम आहे, तुम्ही ठरवा." त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. ते मी बोलले नाही.

"घरात बसून काही ठरत नाही," ते म्हणाले. "चालत जाऊ. कन्नडकडं. पोरपणी मावशीकडून पितळखोऱ्याला चालत जायचो आम्ही."

मी रजा टाकली.

पडेगाव ते खुलताबाद

तयारी दिलीपनी केली आणि कारखान्यातलं काम करावं तशीच केली. दोन्ही बॅगा कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन करून आणल्या. माझी सात किलो, त्यांची अकरा. आत धपाटे, सातूचं पीठ, गूळ, शेंगदाण्याची चटणी, मीठ-साखरेच्या पुड्या, मच्छरदाणी, पातळ गादीच्या दोन गुंडाळ्या. पहाटे पाच ते सकाळी दहा चालायचं, मग सावली धरायची, पुन्हा पाच ते सात. हे वेळापत्रक कागदावर लिहून त्यांनी माझ्या बॅगेच्या कप्प्यात घातलं.

पाण्याची सोय त्यांनी आधीच केली होती. निघण्याच्या बारा दिवस अगोदर मोटारसायकलवरून सगळी वाट फिरून ते तीन ठिकाणी दहा-दहा लिटरचे पांढरे कॅन ठेवून आले होते. प्रत्येक कॅन झाडाच्या खोडाला तारेने बांधलेला. कारखान्यात कोणतंही भांडं चिठ्ठीशिवाय ठेवलेलं चालत नाही. आत काय आहे, कधी भरलं, कोणी भरलं, हे लिहावंच लागतं. त्या सवयीने तिन्ही कॅनवर जाड काळ्या शाईत लिहिलेलं होतं: पिण्याचे पाणी. खाली तारीख. त्याखाली, दिलीप.

पहिल्या दिवशी आम्ही मुख्य रस्ता टाळून शेतांच्या कडेकडेने दौलताबादला पोहोचलो. किल्ला डाव्या हाताला बराच वेळ सोबत होता. वाटेत एक गोष्ट लक्षात आली. विहिरीवरच्या प्रत्येक मोटरीपाशी दिलीप थांबत. पाहत नसत, ऐकत. "बेअरिंग गेलंय," म्हणत आणि पुढे चालू लागत. एका मळ्यात त्यांनी बॅग उतरवून मोटरीचा सैल बोल्ट आवळून दिला. मळ्याचा मालक तिथे नव्हता. त्याला ते कधी कळणारही नाही.

पहिला कॅन घाटाच्या पायथ्याशी लिंबाला बांधलेला होता तसाच सापडला. दिलीपच्या चेहऱ्यावरचं समाधान मी वहीत नोंदवलं आहे. पाण्यात मात्र नुसती चहापत्ती टाकली असती तर चहा झाला असता. "गरम पाणी पोटाला चांगलं," ते म्हणाले.

खुलताबादला ज्या हॉटेलात जेवलो, त्याच्या मालकाने बॅगांकडे पाहिलं आणि दिलीपना सोडून मला विचारलं, "भाभी, मई में पैदल? मियाँ की तबीयत ठीक है ना?" मग आतून ताकाचे दोन ग्लास पाठवले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या मुक्कामी सकाळी उठल्यावर दिलीप म्हणाले, "तू झोपेत बोलतेस."

"काय?"

"'आतल्या पानावर टाका.' दोनदा."

चोवीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

वेरूळच्या पुढे

वेरूळ आम्ही उजाडताच मागे टाकलं. पुढची वाट सपाट आणि उघडी आहे. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या, नांगरलेली काळी ढेकळं, आणि लांब कुठेतरी एखादं बाभळीचं झाड. दुसरा कॅन अशाच एका बाभळीला होता. साडेनऊला आम्ही तिथे पोहोचलो. दोघांच्या बाटल्यांत मिळून पाऊण लिटर पाणी उरलं होतं. कॅन नव्हता.

दिलीप खाली बसले. तार खोडाच्या बेचक्यात ठेवलेली होती. ती तोडलेली नव्हती. पीळ उलटा फिरवून सोडवलेली होती आणि तिचं नीट वेटोळं केलेलं होतं.

"चोर नाही," ते म्हणाले. "चोरानं तार तोडली असती."

किलोमीटरभरावर आठ-दहा घरांची वस्ती दिसत होती. तिथे जाण्याशिवाय मार्ग नव्हता. वस्तीच्या तोंडाशी मोठा लिंब, त्याला दगडी पार. पारावर तीन विटांवर आमचा कॅन बसवलेला होता. त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वर स्टीलचा ग्लास उपडा घातलेला, ग्लासाला सुतळी बांधलेली. लिहिलेला भाग तेवढा गोणपाटातून उघडा ठेवला होता.

शेजारच्या बाजेवर कुरडया वाळत होत्या आणि साठीच्या एक बाई काठी घेऊन त्या राखत बसल्या होत्या. त्यांचं नाव गयाबाई.

"या की. लई तापून आलाव," त्या म्हणाल्या. "आंदी टेका. लगीच पानी पिऊ नगा."

त्यांनी घरातून गुळाचे दोन खडे आणून आमच्या हातावर ठेवले. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देतात ते ट्रेमधून आणि नुसतं. इथे गुळाशिवाय पाणी देणं कमीपणाचं समजतात.

"हे पाणी कोणी ठेवलं?" दिलीपनी विचारलं.

"कुनी ते काय ठावं! तिकडं बाभळीखाली उनात बांधून ठेवलं व्हतं. हात लावला तर चटका. पुन्यवान मानूस असंल, पन अक्कल नाय बघा. उनात ठेवत्यात का कुनी पानी?"

दिलीपनी हातावरचा गूळ तोंडात टाकला.

"मंग आमच्या लेकानं आनला हितं. गोनी बांधली. दोन दिसाआड भरतो आमी. येनारं-जानारं पितंय."

"त्याच्यावर नाव आहे," मी म्हणाले.

"व्हय. दिलीप. नातीनं वाचून दावलं." गयाबाईंनी कुरडयांवर बसलेला कावळा हाकलला. "आखाजीच्या अंगाला गेला असंल बिचारा. तारीख बी हाय, गेला त्या दिसाची. घरच्यांनी त्याच्या नावानं पानपोई ठेवली."

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. या भागात त्या सुमाराला गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी ठेवतात. वैशाखात वाटेवर भरलेलं भांडं दिसलं आणि त्यावर एकाच माणसाचं नाव असलं, तर ते नाव कुणाचं, हे इथे कोणाला विचारावं लागत नाही. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी आठव्या दिवशी येतं, कधी दहाव्या. प्रत्येक टाकीच्या झाकणाला कुलूप आहे. तिथे पाण्यावर नाव लिहितात ते दुसऱ्याने हात लावू नये म्हणून. दिलीपनी कॅनवर नाव घातलं ते आमच्याकडच्या समजुतीने, आणि वस्तीने ते वाचलं आपल्या समजुतीने.

"पिताना नाव घ्या त्याचं," गयाबाई म्हणाल्या. "आमी समदी घेतो. त्याला पोचतं."

दिलीपच्या हातात भरलेला ग्लास होता.

"घ्या की. लाजताव काय?"

"दिलीप," असं दिलीप म्हणाले, आणि पाणी प्याले.

मग ग्लास माझ्याकडे आला. पाणी गार होतं. मी नाव न घेता प्याले. गयाबाईंनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. बाईमाणूस परक्या पुरुषाचं नाव घेत नसेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली असावी.

"तरना असंल," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "बायकू असंल मागं. दिसभर कामात जातंय, पन सांजच्याला कुनाशी बोलत असंल ती?"

मी पारावरचं एक वाळलेलं पान उचललं आणि त्याचे तुकडे केले.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे होतो. भाकरी, पिठलं आणि कच्च्या कैरीचा ठेचा असं जेवण झालं. निघण्याआधी दिलीपनी हापशावरून कळशी आणून कॅन भरला आणि हापशाच्या दांड्याची खिळी ठोकून बसवून दिली. गयाबाईंनी विचारलं, "नाव काय तुमचं, भाऊ?" ते म्हणाले, "मी कन्नडचा." ते ऐकूनही त्या वाट पाहत राहिल्या. तोवर आम्ही बॅगा पाठीवर घेतल्या होत्या.

"सांगायचं होतं ना," वस्ती मागे पडल्यावर मी म्हणाले.

"काय सांगू? इतकं नीट ठेवलंय त्यांनी. मी जिवंत आहे म्हटलं तर त्यांना वाटेल आपलं चुकलं."

कन्नड

तिसऱ्या दिवशी आम्ही फार बोललो नाही. बोलायला सुरुवात दिलीपनीच केली होती, थट्टेने.

"मेल्यावर लोक इतकं नाव घेतात हे आधी कळायला पाहिजे होतं."

"तसं बोलू नका."

"अगं, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"खोटी बातमी छापली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागते."

"मग छाप की."

सकाळच्या आठपासून जवळपास दोन किलोमीटर आम्ही एकामागे एक चाललो. त्यांचे बूट जिथे उमटत होते, तिथेच मी पाय ठेवत होते.

निधनवार्तांचा स्तंभ माझ्याकडे नऊ वर्षं होता. घरच्या माणसाकडून खात्री केल्याशिवाय एकही नाव छापायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. फोन करायचा, समोरचं माणूस कोण ते विचारायचं, आणि मग नाव, वय, मागे कोण आहे ते उतरवून घ्यायचं. "त्यांच्या पश्चात पत्नी" हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील ते सांगता येणार नाही. लिहिताना त्या बाईची संध्याकाळ कधी डोळ्यांसमोर आली नव्हती. गयाबाईंनी विचारलेला प्रश्न मात्र मला ओळखीचा होता. पत्र आल्यापासून मी रोज कार्यालयातून घरी येताना तोच स्वतःला विचारत होते, फक्त त्यात साणंद होतं. साणंदला गेलेला माणूस महिन्याने परत येतो, हा फरक मोठा आहे आणि तो मला कळत होता. तरीही प्रश्न तोच राहत होता.

संध्याकाळी कन्नडला पोहोचलो. आठवडी बाजार उठत आला होता. एका म्हातारीकडे पळसाच्या पानावर करवंदं होती, ती सगळी घेतली. दिलीपच्या मावसबहिणीकडे मुक्काम होता. तिने पायाला लावायला तेल गरम करून दिलं आणि आमच्या तळपायांकडे पाहून म्हणाली, "यष्टी बंद झाल्यात का रं दिलीप?" जेवताना तिने साणंदचं विचारलं. "ठरलं का?"

"शनिवारपर्यंत वेळ आहे," दिलीप म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "तुझं काय म्हननं, वहिनी?"

"त्यांनी ठरवायचं आहे," मी म्हणाले. दिलीपनी ताटातली भाकरी मोडली आणि मोडलेला तुकडा बराच वेळ हातात धरला.

डोंगराच्या पायथ्याशी

शुक्रवारची चूक माझी होती. दहा वाजता थांबायचं हा नियम होता. दहा वाजता आम्ही डोंगराच्या अलीकडे, एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात होतो आणि तिथे करंजाची बरी सावली होती. दिलीप म्हणाले, बसू. मी म्हणाले, तिसरा कॅन दोन किलोमीटरवर आहे, तिथेच बसू. ते म्हणाले, वेळापत्रक आहे. मी म्हणाले, हा कारखाना नाही. आणि चालू लागले.

साडेदहाला डोकं दुखायला लागलं. अकराच्या सुमारास लक्षात आलं की घाम थांबला आहे आणि दंडावर काटा आला आहे. याचा अर्थ मला माहीत होता. दर उन्हाळ्यात त्याच्या सूचनांची चौकट मीच पानात लावते. मी दिलीपना हाक मारायला तोंड उघडलं आणि उलटी झाली.

त्यानंतरचं थोडं दिलीपनी सांगितलेलं आहे. माझी बॅग त्यांनी छातीवर घेतली, स्वतःची पाठीवर, आणि मला खांद्याला धरून चालवत नेलं. समोर टेकाडाआड निळा झेंडा आणि पत्र्याची काही घरं दिसत होती. त्यांनी लांबूनच हाका मारल्या. धावत आले ते सुखदेव, पन्नाशीचे. मागून त्यांच्या पत्नी कमलबाई. मला त्यांच्या अंगणातल्या आंब्याखाली बाजेवर निजवलं. कमलबाईंनी लुगड्याचा धडपा भिजवून कपाळावर, मानेवर, काखेत ठेवला. कांदा फोडून तळपायांना चोळला. दिलीपनी अंगावर पाणी ओतलं आणि गादीची गुंडाळी उलगडून त्या गादीनेच वारा घालायला सुरुवात केली. ते एका लयीत वारा घालत होते. मी डोळे मिटले तरी लय चुकत नव्हती.

तासाभराने मला कैरीचं पन्हं घोट घोट पाजलं. मग सुखदेव एक तांब्या घेऊन आले.

"हे घ्या, ताई. दिलीपचं पानी. थंडगार हाय."

मी मान वळवली. अंगणाच्या कोपऱ्यात, विहाराच्या भिंतीच्या सावलीत आमचा तिसरा कॅन होता. मातीत अर्धा पुरलेला, भोवती ओली वाळू. वर मोगऱ्याची चार फुलं.

"रोजगार हमीवरची मानसं बी आता हितंच पित्यात," सुखदेव म्हणाले. "'दिलीपच्या पान्यापाशी भेटू' म्हनत्यात एकमेकाला. आमी पितर-बितर मानत नाय, ताई. पन गेलेल्या मानसाची आठवन मानतो. परवाच्या पुनवेला विहारात मेनबत्ती लावली त्याच्या नावानं. कोन व्हता, कुठला व्हता, कायच माहीत नाय."

वारा थांबला. दिलीपचा हात वरच राहिला होता.

"हेच ते," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मी ठरवून बोलले नव्हते. "हेच दिलीप. जिवंत आहेत. माझे मालक आहेत. आणि ते कुठंही जाणार नाहीत."

सुखदेवनी तांब्या खाली ठेवला. कमलबाईंनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग दिलीपकडे पाहिलं.

"खरंच का हो?"

"हो. मीच ठेवला तो कॅन. आम्हालाच प्यायला."

"मंग नाव काऊन लिवलं?"

"कारखान्यात लिहावं लागतं," दिलीप म्हणाले.

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. "अवं ऐकलं का! मेलेला मानूस मघाधरनं बायकूला वारा घालतोय!" मग सुखदेव हसले, दिलीप हसले. मला हसल्यावर पुन्हा मळमळलं, तरी हसले.

"मेनबत्ती लावली राव तुमची," सुखदेव म्हणाले. "आता काय करायचं?"

"राहू द्या," दिलीप म्हणाले. "वाया जात नाही."

"जित्या मानसाचं नाव पान्यावर लिवत नसत्यात, भाऊ," असं म्हणत कमलबाईंनी चुलीतली राख आणली आणि ओल्या फडक्याने कॅनवरचं नाव घासायला घेतलं. शाई कारखान्यातली होती. घासून घासून तिची काळी छटा तेवढी राहिली. "पिण्याचे पाणी" मात्र त्यांनी तसंच ठेवलं.

त्या दिवशी पुढे चाललो नाही. ऊन कललं तशी मी उठून बसले. अंगणात कोंबड्या परतत होत्या. कमलबाई भाकऱ्या थापत होत्या आणि सुखदेव शेळ्यांना पाला टाकत होते. दिलीप बाजेच्या कडेला येऊन बसले.

"दुपारी काय म्हणालीस ते आठवतं का?"

"हो."

"कुठंही जाणार नाहीत, म्हणालीस."

"हो."

"उन्हानं बोललीस का?"

"आता ऊन गेलंय. परत विचारा."

आमच्या धंद्यात एकदा कळलेली गोष्ट दुसऱ्यांदा खात्री करून घेतात. त्यांच्या धंद्यातही बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा पान्याला हिसका देऊन पाहतात.

"मी साणंदला जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"नका जाऊ. मला नको आहे तुम्ही गेलेलं."

"चौदा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हटलं तर तुला अडवल्यासारखं होईल."

"मला अडवून घ्यायचं होतं."

"हे कोणी सांगितलं नाही मला."

"कोणी विचारलं नाही."

कमलबाईंनी जेवायला हाक मारली. तुरीच्या डाळीचं वरण, भाकरी, तिखट झुणका. माझ्यासाठी वेगळी, मऊ भाताची पेज केली होती. पेजेत दिलीपनी मीठ घातलं, चव पाहिली आणि थाळी माझ्यापुढे ठेवली.

पितळखोरा

शनिवारी पहाटे सुखदेव आम्हाला पायवाटेने वरपर्यंत सोडायला आले. माझी बॅग त्यांनी घेतली होती. कमलबाईंनी निघताना दिलीपना बजावलं, "परत याल तवा नाव सांगत या. चोरून पानी ठिवू नगा."

वर पठार आहे आणि ते एकाएकी तुटतं. खाली दरी, दरीच्या भिंतीत लेणी. पावसाळ्यात इथे धबधबा असतो. आता कातळावर त्याचा नुसता काळा पट्टा होता. सकाळच्या उन्हात समोरचा कडा तांबूस दिसत होता आणि खालून पोपटांचा कलकलाट येत होता. दिलीपनी बोट दाखवून सांगितलं की या कपारीत ते लहानपणी शेंगा भाजून खात. मी विचारलं, कोणाबरोबर. त्यांनी तीन नावं सांगितली. मी ती पहिल्यांदा ऐकत होते.

मोबाइलला रेंज फक्त पठाराच्या एका टोकाला येते, असं सुखदेव म्हणाले होते. पावणेदहाला आम्ही तिथे उभे राहिलो. मी बाजूला जाऊ लागले, तेव्हा दिलीपनी माझ्या बॅगेचा पट्टा धरला. साणंदच्या कार्यालयातला अधिकारी नाशिकचा होता, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"नमस्कार साहेब. दिलीप बोलतोय, वाळूजचा. पत्राचं सांगायचं होतं. नाही जमणार."

"नाही, पगाराचं काही नाही. पगार चांगलाच आहे."

"खोलीचंही नाही."

"घरी माणूस आहे, साहेब."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही हो, आजारी नाही. ठणठणीत आहे. ही काय, शेजारी उभी आहे."

पलीकडून पुन्हा प्रश्न आला. दिलीपनी माझ्याकडे पाहिलं.

"तेच तर कारण आहे," ते म्हणाले.